काटामारी

साताऱ्यात वजन उतरवायचं ठरवलेला माणूस सगळ्यात आधी बूट घेतो. बूट घेतले की पहाटे यवतेश्वराच्या घाटात जावंच लागतं, कारण सपाट चालायला या गावात जागा अशी नाहीच. घराबाहेर पडून एकीकडं वळलं की अजिंक्यतारा, दुसरीकडं वळलं की यवतेश्वर, आणि सरळ गेलं तर कुणाच्या तरी वास्तुशांतीचं जेवण.

घाटातली पहाटेची मंडळी बघत राहावीत. कानटोपी, मफलर, स्वेटर, स्वेटरवर जर्किन, हातात कुत्र्यांसाठी काठी आणि पायात ते नवे बूट, पोपटी लेसचे. चढ लागला की बोलणं बंद पडावं असं शरीरशास्त्र सांगतं. सातारकरांचं बोलणं चढावरच सुरू होतं आणि त्याचा विषय ठरलेला असतो.

"पाचवडच्या पुढं त्यो ढाबा हाय बघा, तितलं मटान खाल्लंयसा का कवा?"

"मटान सोडा वो. तितला खरडा खावा, भाकरीबरं. वरनं कच्चं तेल."

"तेल? डॉक्टरनं तेल बंद केलंय न्हवं तुमचं?"

"तळल्यालं बंद केलंय. कच्च्याचं त्यानं कायच नाव काडलं न्हाय."

देवळाशी पोचेपर्यंत रस्सा, खरडा, भरीत, कोणाच्या जावळाला काय होतं आणि कोणाच्या बाराव्याला काय कमी पडलं, हे सगळं होऊन गेलेलं असतं. परतताना कडकडून भूक लागते. ती चालल्यामुळं की बोलल्यामुळं, हे आजवर कुणी तपासलेलं नाही. पायथ्याला पोह्यांची आणि वड्यांची गाडी उभी असते. त्या गाडीवाल्याला या व्यायामाचं गणित नेमकं कळलंय. वर जाणाऱ्यांकडं तो ढुंकूनही बघत नाही. खाली येणारा दिसला की कढईत घाणा सोडतो.

याच घाटातून सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावते. २०१२ साली सुरू झालेली ही शर्यत २०१५मध्ये गिनीज बुकात गेली. देशभरातून लोक येतात, पावसात, धुक्यात एकवीस किलोमीटर धावतात, अर्धं अंतर चढ. आमच्या गल्लीतले पुष्कळजण दरवर्षी ती शर्यत बघतात. रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवायच्या, ढोल वाजवायचा, "पळा, पळा, थोडंच ऱ्हायलंय" असं सपशेल खोटं सांगायचं, यातही घाम जातोच, असं त्यांचं म्हणणं आहे. आणि एक गोष्ट राहिली. त्याच बाजूच्या एका टेकडीवरच्या देवाचं नाव पेढ्याचा भैरोबा. ज्या गावात देवालासुद्धा पेढ्यावरून ओळखतात तिथं नुसत्या माणसानं गोड सोडायचं म्हणजे अवघडच.

माझं सासर सातारा आणि माहेर सांगली, त्यामुळं मी दोन्हीकडचा घाम जवळून पाहिला आहे. १९४९ साली साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला, १९६०मध्ये त्याचं सांगली जिल्हा असं नाव झालं. भावाभावांच्या वाटण्या होतात तशीच ही वाटणी झाली असावी: चढ बहुतेक थोरल्याकडं राहिला आणि कृष्णेचं पसरट पाणी धाकट्याला मिळालं. सांगली शहर तळहातावर सपाट. तिथला माणूस वजन उतरवायला आमराईत जातो, नदीच्या घाटावर जातो, फार मनावर घेतलं तर १९२९च्या आयर्विन पुलावरून पलीकडं जाऊन परत येतो. माझा दादा हे सगळं करतो. चढ नसल्यामुळं आपला व्यायाम निम्माच होतो, ही त्याची तक्रार आहे, आणि त्या निम्म्याची भरपाई म्हणून तो जेवण निम्मं करून भडंग खातो.

भडंगाबद्दल दादाचा सिद्धांत ऐकण्याजोगा आहे. "हे बघ, पोतंभर चुरमुरे काट्यावर टाकले तरी काटा हलत नाही. जे काट्यावर भरत नाही ते अंगाला काय लागणार?" त्या चुरमुऱ्यांना तेल किती लागतं, शेंगदाणे किती, लसूण परतायला पुन्हा तेल किती, हे वहिनीनं विचारलं की तो म्हणतो, "ते वेगळं. ते भडंग नव्हे. तो मसाला."

काट्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. या दोन्ही जिल्ह्यांत माणसाचा देवावर विश्वास असतो, डॉक्टरवर असतो, काट्यावर मात्र नसतो. ऊस पिकवणाऱ्या माणसाच्या रक्तात ही शंका पिढ्यान् पिढ्या भिनलेली आहे. उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर जाण्याआधी बाहेरच्या काट्यावर तोलून घ्यायची, दोन पावत्या शेजारी ठेवायच्या, आणि फरक दिसला की "काटा मारलाय" म्हणून चौकात बोलायचं. शेतकरी संघटनांनी काटामारीवर आंदोलनं केलेली आहेत. तर आमच्या घरी मुलीनं पुण्याहून काचेचा वजनकाटा आणला, लाल आकडे उमटणारा. आमचे हे त्यावर उभे राहिले, आकडा वाचला, खाली उतरले आणि शांतपणे म्हणाले, "काटा मारतोय."

मग ते औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभे राहिले. तिथं आकडा दोनशे ग्रॅमनं जास्त आला, कारण खिशात किल्ल्या होत्या. मग आडत्याच्या काट्यावर, जिथं आल्याची पोती तोलतात. आडत्या ओळखीचा. त्यानं यांच्याकडं बघून सवयीनं विचारलं, "बारदानाचं किती वजा धरू?" ही गोष्ट पोवई नाक्यापर्यंत पोचायला दुपार झाली नाही.

यांची मोहीम सुरू झाली ती दीक्षितांच्या पद्धतीनं. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसातून दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवायचं असं सांगितलं, आणि उभ्या महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात घड्याळ शिरलं. मूळ विचार सरळ आहे: सारखं खात राहिलं की इन्शुलिन सारखं स्रवत राहतं, ते कमी वेळा स्रवावं म्हणून कमी वेळा खायचं. आमच्याकडं त्यातली पंचावन्न मिनिटं तेवढी लक्षात राहिली. एरवी दहा मिनिटांत जेवून उठणारा माणूस आता पंचावन्न मिनिटं ताटावरून हलेना. चोपन्नाव्या मिनिटाला, "अगं, अजून एक मिनिट आहे, ते लाडू कुठं ठेवलेस?" घड्याळ बघून लाडू खाणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

सांगलीला दादानं दुसरा पंथ धरला, दर दोन तासांनी थोडं थोडं खाण्याचा. त्यातला "दर दोन तासांनी" हा भाग तो काटेकोर पाळतो. दिवाळीत हे दोघं एका सोफ्यावर बसले की घरात दोन पक्षांची युती झाल्याचं वातावरण असतं. दोघांचं एकमेकांच्या पद्धतीवर तोंडसुख घेऊन होतं आणि मग किमान समान कार्यक्रम म्हणून चकली येते.

खरी लढाई साखरेशी. आणि इथं पुण्या-मुंबईच्या लोकांना आमची अडचण नीट कळत नाही. त्यांच्याकडं साखर हा किराणा असतो. आमच्याकडं ती आपल्या मालकीची असते. शेंद्र्याचा अजिंक्यतारा, भुईंजचा किसन वीर, कराडचा सह्याद्री, रेठऱ्याचा कृष्णा, खाली उतरलं की साखराळ्याचा राजारामबापू, वाळव्याचा हुतात्मा, कुंडलचा क्रांती, वांगीचा सोनहिरा, आणि खुद्द सांगलीत वसंतदादांनी उभा केलेला. महामार्गानं जाताना एका कारखान्याची चिमणी दिसेनाशी व्हायच्या आत दुसऱ्याच्या मळीचा वास येतो. हंगामात रस्त्यावर ऊस, ट्रॉलीत ऊस, ट्रॉलीमागं धावणाऱ्या पोरांच्या हातात ऊस. आमच्या पट्ट्यात उताराही चांगला, बारा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे टनाला एकशेवीस किलो साखर. शेतकरी हा उतारा पोराच्या दहावीच्या टक्क्यांपेक्षा जास्त अभिमानानं सांगतो.

आणि सभासद साखर. शेअर असेल, ऊस घातला असेल, तर सभासदाला सवलतीच्या दरानं साखर मिळते. ती घरी येते ती पुड्यातून येत नाही, पोत्यातून येते. पोतं कोठीच्या खोलीत भिंतीला टेकून बसतं आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या अधिकारानं सगळ्यांकडं बघतं. त्याला संपवावं लागतं, कारण मुंग्या आहेत, पावसाळ्याची ओल आहे आणि पुढच्या दिवाळीचं पोतं यायचं आहे. मी एकदा म्हटलं, यंदा आपल्या वाट्याची साखर उचलूच नका. यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी सात-बाराच फाडायला काढलाय.

"आपण साखर सोडायची? ऊस लावणाऱ्यांनीच सोडली तर बाकीच्यांनी कुणाच्या तोंडाकडं बघायचं? दर कसा मिळायचा मग?"

म्हणजे हे चहात तिसरा चमचा घालतात तो राज्याच्या सहकारासाठी.

चहाचं गणित मी एकदा कागदावर मांडून दाखवलं. कपाला दोन चमचे धरू. उठल्यावर एक, पेपर वाचताना एक, दुकान उघडल्यावर एक, गिऱ्हाईक आलं म्हणून एक, गिऱ्हाईक आलं नाही म्हणून एक, आणि संध्याकाळी घरी आल्याचा एक. बारा चमचे, साधारण पन्नास ग्रॅम. वर्षाची अठरा किलो, नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या आत राहिली तर उत्तम, आणि त्यात पेढे, बिस्किटं, सरबत सगळं आलं. यांनी कागद बारकाईनं वाचला. म्हणाले, "जागतिक म्हणजे सगळ्या जगाची सरासरी. त्यात ऊस न पिकवणारे देशपण आले."

बिनसाखरेचा चहा ही आणखी वेगळी भानगड. तो स्वतः पिणं एक वेळ जमतं, दुसऱ्याच्या घरी मागणं जमत नाही. साताऱ्याच्या कुठल्याही खेडेगावात जाऊन "मला बिनसाखरेचा" म्हणून बघा. घरातली बाई आधी दारातून डोकावून तुमचा चेहरा बघते. मग आतून आवाज येतो, "आवो, पाव्हण्यास्नी शुगर हाय वाटतं!" मग घरातला प्रत्येकजण येऊन कुणाकुणाला शुगर होती आणि कुणाचं काय झालं हे सांगतो, त्यातल्या दोघातिघांचा अंगठा कापलेला असतो. एवढं ऐकल्यावर माणूस म्हणतो, घाला बाई साखर. ती येते ती घरच्या बरणीतून, माया म्हणून एक चमचा जास्त.

मधला मार्ग म्हणून गूळ आला. गेल्या काही वर्षांत चौकाचौकात गुळाचा चहा मिळायला लागलाय आणि तो पिताना लोकांच्या चेहऱ्यावर एकादशी केल्याचं समाधान असतं. गुळात थोडं लोह, थोडी खनिजं असतात हे खरं. पण शंभर ग्रॅम साखरेत चारशेच्या आसपास कॅलरी आणि शंभर ग्रॅम गुळात तीनशे ऐंशीच्या आसपास. दोन्ही एकाच उसाची लेकरं. एक कारखान्यात शिकलं, दुसरं गुऱ्हाळात. आमचे हे मात्र गूळ औषध म्हणून खातात. औषधाचा डोस चुकवायचा नसतो.

आमच्या आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं, या सगळ्याशी देणंघेणं नाही. त्या माणदेशातल्या, दहिवडीकडच्या. आजही काटक, कमरेत वाक नाही. त्यांनी उभ्या आयुष्यात व्यायाम असा केला नाही. जात्यावर दळलं, विहिरीचं पाणी ओढलं, बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीसारख्या कामावर खडी फोडली आणि अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्ली. आज ती मिलो कुणी सुबक पाकिटात घालून पुण्यात विकायला ठेवली तर लोक रांग लावतील. त्या वेळी आत्याबाई तिला नावं ठेवत होत्या आणि अजून ठेवतात.

त्यांचा रोजचा आहार असा: बाजरीची नाहीतर शाळूची भाकरी, मटकीचं नाहीतर पालेभाजीचं कोरड्यास, हिरव्या मिरचीचा खरडा, ताक. थंडीत हुलग्याचं माडगं. हुलगा म्हणजे घोड्याचं खाणं अशी त्याची ख्याती, पण माणसाला प्रथिनं देण्यात तो हात आखडत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं तेव्हा आमच्या मुलीनं मोठ्या उत्साहानं आजीला त्याचा अर्थ समजावून सांगितला. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आदीची वरसं कुणाची हुती?"

त्याच खेपेला मुलीनं एक पाकीट आणलं होतं. वर परदेशी वळणाची अक्षरं, आत पांढऱ्या पांढऱ्या फुललेल्या दाण्यांचा मूठभर ऐवज, किंमत बघून मी पाकीट उलटं ठेवलं. आत्याबाईंनी एक दाणा तोंडात टाकला. "आगं बया, ह्या पंचमीच्या लाह्या न्हवं?" ज्वारीच्याच लाह्या. शिराळ्यापासून साताऱ्यापर्यंत नागपंचमीला घरोघरी फुटतात त्याच. आत्याबाईंना त्या विकत मिळतात याचं आश्चर्य वाटलं नाही. पंचमी नसताना खाल्ल्या याचं वाटलं.

भाकरीबद्दल मात्र एक स्पष्ट बोलायला हवं. भाकरी खा, वजन उतरवा, असं जो तो सांगतो. भाकरी थापणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही. गव्हाची कणीक एकदा मळली की पोळ्या लाटून होतात. भाकरीचं पीठ दर भाकरीला वेगळं मळावं लागतं, तळहाताच्या मुळानं रगडून रगडून, नाहीतर कडेला चिरा पडतात. परातीत उजव्या हातानं थापायची, डाव्यानं फिरवायची, दोन्ही हातांनी उचलून तव्यावर सोडायची, वरून पाणी फिरवायचं, उलटायची आणि शेवटी तवा बाजूला करून निखाऱ्यावर किंवा गॅसवर पोट फुगेपर्यंत धरायची. यांच्या आरोग्यासाठी भाकऱ्या थापून थापून माझा दंड उतरला. यांचं पोट जागच्या जागी.

आता पैलवानांबद्दल, कारण त्यांच्याशिवाय या दोन जिल्ह्यांत शरीराची गोष्ट पुरी होत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते बावन्न किलोच्या गटात उतरले आणि सहावे आले. १९५२ला हेलसिंकीत सत्तावन्न किलोच्या गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. चार वर्षांत पाच किलोनं वरच्या गटात जाऊन देशाचं नाव काढणारा माणूस आमच्या जिल्ह्यात होऊन गेला. हा दाखला आमचे हे काट्यावर उभे असताना देतात. तिकडं दादाला सांगलीजवळच्या कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मान्यांचा अभिमान आहे. दोघांनाही खुराक पाठ आहे: दूध, तूप, बदामाची थंडाई. त्याच्याआधीचे हजार-हजार जोर आणि बैठका दोघांच्याही पाठांतरातून गळाल्या आहेत. गावोगावी तालमीच्या कट्ट्यावर बसलेले जुने पैलवान बघा. लाल माती सुटली, लंगोट सुटला, थंडाई तेवढी एकनिष्ठ राहिली.

या दोन्ही जिल्ह्यांचं वजन एकाच वेळी मनावर घेतलेला माणूस इतिहासात एकच झाला, औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांचं संस्थान नकाशावर शाईचे थेंब उडाल्यागत विखुरलेलं: औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. किर्लोस्करवाडी वसली ती त्यांनीच दिलेल्या जमिनीवर. स्वतः चित्रकार, कीर्तनकार, पदवीधर. तरुणपणी त्यांनी त्या वेळच्या फॅशनप्रमाणे विलायतेच्या युजीन सँडोची व्यायामाची साधनं मागवली आणि दहा वर्षं इमानेइतबारे वापरली. मग १९०८च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींनी त्यांना सूर्यनमस्काराचा नाद लावला. सांगलीकडच्यानं सातारकराला दिलेला आणि सातारकरानं मुकाट्यानं ऐकलेला हा एकमेव सल्ला असावा.

लागला तो नाद सुटला नाही. राजेसाहेब रोज पहाटे नमस्कार घालत, घरच्यांना घालायला लावत आणि तेवढ्यावर न थांबता संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे केले. पुस्तक लिहिलं. १९३८मध्ये लंडनहून त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेलं. त्यात नमस्काराच्या दहा स्थिती आहेत. त्याच सुमारास, १९३९मध्ये, याच राजानं गांधीजींच्या सल्ल्यानं प्रजेला राज्यघटना देऊन आपली सत्ता सोडून दिली. म्हणजे राज्य सोडलं, नमस्कार सोडले नाहीत. आमच्याकडं लोक नेमकं उलटं करतात.

मला या राजाचं कौतुक एवढ्यासाठी वाटतं की त्याला आमच्या लोकांचं वर्म कळलं होतं. इथं एकट्यानं काही करायचं म्हटलं की माणूस संकोचतो. एकट्यानं अर्धी भाकरी खाल्ली तर पंगत अडते, एकट्यानं चहा नाकारला तर घर रुसतं, एकट्यानं जत्रेत रस्सा सोडला तर पाहुणे म्हणतात, "आमच्यातलं चालत न्हाई व्हय आता?" तेच सगळ्यांनी मिळून करायचं म्हटलं, त्याला राजाचा हुकूम असला, मास्तरची छडी असली, की मग हरकत नाही. ग्रामसभेत ठराव करून पाणलोटाची कामं करणारी गावं आहेत आमच्याकडं. श्रमदानाला हजार माणूस टिकाव घेऊन जमतं आणि उन्हात चर खणतं. तोच माणूस दारातली बादली उचलायला पोराला हाक मारतो.

हल्ली राजा नाही, त्याच्या जागी मनगटावरचं घड्याळ आहे. दिवसाला दहा हजार पावलं चाला म्हणतं. हा आकडा कुठल्या ऋषीनं तपश्चर्या करून काढलेला नाही. टोकियो ऑलिंपिकच्या मागोमाग, १९६५ साली, एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार पावलं घातली. आकडा गोल आणि ऐकायला दमदार, म्हणून टिकला. दादाला हे कळल्यावर त्यानं लगेच सांगलीसाठी सहा हजारांचा आकडा परस्पर मंजूर केला, सपाटीला सूट म्हणून. सूट द्यायचीच तर चढाला द्यायला हवी हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. शिवाय घड्याळ हातात असतं, पायात नसतं, हा शोध त्याला लागलेला आहे. भडंग कालवताना हात भरपूर हलतो.

एवढं सगळं असूनही यांचं वजन उतरलं. कसं उतरलं हे सांगण्यासारखं रंजक नाही. रात्रीचा भात गेला, बेकरीचे पुडे यायचे थांबले, सहाचे तीन चहा झाले आणि त्यातला चमचा अर्ध्यावर आला, घाट रोजचा झाला, आणि खाली आल्यावर गाडीवरचे पोहे मी घरी करायला लागले, मूठभर मटार आणि वर भरपूर कोथिंबीर घालून. सहा किलो गेले, सावकाश, काटा न मारता. पॅन्ट ढगळ झाल्यावर मात्र खरा त्रास सुरू झाला.

आमच्याकडं माणूस जाड झाला तर लोक म्हणतात, "मानवलंय." बारीक झाला तर काही म्हणत नाहीत, भेटायला येतात. पहिल्यांदा शेजारच्या काकू आल्या, हळू आवाजात मला विचारून गेल्या, रिपोर्ट काय आले. मग यांचे चुलते गावाहून आले, यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "कर्जाचं काय हाय का? बोल मोकळ्या मनानं." आत्याबाईंनी कुलदैवताला नवस बोलून टाकला. "माजं लेकरू पार वाळून गेलं. आणि ही बया त्येला लाह्या खायाला घालतीया." आणि जो आला तो रिकाम्या हातानं आला नाही. फळं आली, बिस्किटं आली, अर्धा अर्धा किलो कंदी पेढे तर इतके आले की पेढ्याच्या भैरोबालाही संकोच वाटावा.

सगळ्यांना मी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा फोटो दाखवते. २००४च्या लॅन्सेटमध्ये तो छापून आला होता. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा उंचीच्या मानानं वजनाचा आकडा अगदी सारखा, २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपली माणसं दिसायला बारीक आणि आतून भरलेली, ही गोष्ट त्या संशोधकानं स्वतःलाच काट्यावर उभं करून जगाला दाखवली. म्हणून आपल्याकडं दंड किती भरला हे बघून भागत नाही, कंबर बघावी लागते. पुरुषाची नव्वद सेंटिमीटरच्या पुढं गेली की सावध व्हायचं. चुलत्यांनी फोटो लांब धरून, जवळ धरून पाहिला. म्हणाले, "ह्यो जास्त चरबीवाला आपला हाय न्हवं? मग बरुबर. गोऱ्याला काय खायाला घालत न्हाईत."

दिवाळीच्या आधी कारखान्याची साखर आली. यांनी कार्ड काढलं, पिशव्या काढल्या, बूट चढवले. मी म्हटलं, "अहो, आपलं ठरलं होतं ना?"

"उचलायची ठरली होती. खायची नाही ठरली."

वाटप केंद्र लांब होतं, म्हणून हे चालत गेले. रांगेत दोन तास उभे राहिले. पोतं रिक्षातून आणलं, पण जिन्यावरून स्वतः खांद्यावर घेऊन चढले, मधे एकदाही न टेकता. कोठीत भिंतीला लावलं, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि भलतेच खूश झाले. "नऊ हजार दोनशे! हे बघ, साखरेनं पण वजन उतरतं." मग काचेचा काटा ओढून आधी त्यावर पोतं चढवलं. पावतीपेक्षा तीनशे ग्रॅम कमी भरलं.

"बघ," हे म्हणाले, "मी सांगत नव्हतो? हा काटा मारतोय. म्हणजे माझं वजन अजून जास्त आहे."

तेव्हापासून तिसरा चहाही बंद आहे.